संग्रहालयाच्या थिएटरसाठी खुर्च्या निवडताना उठणाऱ्या माणसाकडे बघा

अकरा वर्षं मी एका संग्रहालयाच्या छोट्या थिएटरच्या दाराशी बॅटरी घेऊन उभी राहिले. ९६ खुर्च्या, १४ मिनिटांची फिल्म, दिवसाला १८ खेळ. लोकांना आत घ्यायचं, जागा दाखवायची आणि दिवे लागले की बाहेरचा दरवाजा उघडून धरायचा, एवढंच माझं काम. फिल्म पाठ झाल्यावर मी लोकांकडे बघायला लागले आणि जे दिसेल ते एका वहीत टिपायला लागले. पुढे थिएटरचं नूतनीकरण निघालं, तेव्हा खुर्च्या निवडणाऱ्या समितीत मला बोलावलं ते त्या वहीमुळे.

त्या वहीत बसण्याबद्दल जवळजवळ काहीच नव्हतं. बसतात सगळेच. कुणी टेकतं, कुणी धपकन बसतं, पण बसतं. पानंच्या पानं भरली होती ती उठण्याने. पुढच्या खुर्चीची पाठ धरून उठणाऱ्या आजी, आणि त्या ओढीने दचकून मागे बघणारा पुढचा माणूस. तीन झोके घेऊन चौथ्या झोक्याला उभे राहणारे आजोबा. झोपलेलं मूल खांद्यावर आणि एक हात मोकळा अशी आई. काठी खुर्चीखाली घरंगळली म्हणून सगळे बाहेर पडेपर्यंत बसून राहिलेल्या एक बाई. "तुम्ही व्हा पुढे, मी येते," असं त्या प्रत्येकाला हसून सांगत होत्या.

समितीतली मंडळी पुरवठादाराच्या शोरूममध्ये खुर्चीत बसायची, "छान मऊ आहे" म्हणायची आणि उठून पुढच्या खुर्चीकडे जायची. धडधाकट माणूस कुठल्याही खुर्चीतून उठतो, त्यामुळे अशा चाचणीतून काहीही कळत नाही. आमच्या जुन्या खुर्च्याही अशाच कुणीतरी बसून पसंत केल्या असणार.

तुमच्याकडे येणारा माणूस दमलेला असतो

सिनेमाला माणूस बसायच्या तयारीने येतो. संग्रहालयाच्या थिएटरमध्ये तो दोन तास उभ्याने फिरून येतो. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयातले बेंजामिन आयव्हज गिलमन यांनी १९१६ साली 'संग्रहालयातला थकवा' या विषयावर लेख लिहिला. कपाटातल्या वस्तू बघायला माणसाला किती वाकावं नि वळावं लागतं, हे त्यांनी चक्क फोटो छापून दाखवलं. शंभराहून अधिक वर्षं झाली, तरी आमच्या दालनांतून थिएटरकडे येणाऱ्या लोकांची चाल बघताना मला ते फोटो आठवतात. कितीतरी जण मला विचारायचे, "आत बसायला मिळेल ना?" फिल्म कशावर आहे हे कुणी विचारलं तर ते नंतर. माझ्या मते यात वावगं काही नाही. दमलेल्या माणसाला १४ मिनिटं नीट बसायला मिळालं, तर उरलेली दालनं तो मन लावून बघतो.

दुसरा फरक वापराचा. दिवसाला १८ खेळ आणि वर्षाला ३०० दिवस धरले, तर गर्दीच्या ठिकाणची एक खुर्ची वर्षात ५,४०० वेळा बसती-उठती होते. पाच खेळांच्या सिनेमागृहात हाच आकडा १,५०० भरतो. बैठक वर दुमडणारी असेल, तर स्प्रिंग आणि बिजागरी तेवढ्या वेळा हलणार. म्हणून पुरवठादाराकडे टिकाऊपणाच्या चाचणीचा कागद मागा. रांगेत बसवायच्या खुर्च्यांसाठी ईएन १२७२७ हे युरोपीय मानक आहे. त्यात वापराच्या कडकपणाप्रमाणे चार पातळ्या आहेत आणि चौथी सर्वांत कडक. चाचणी कुठल्या पातळीची केली, हे विचारल्याशिवाय नुसतं 'प्रमाणित आहे' हे उत्तर घेऊ नका.

मागे रेलणारी पाठ, पेला ठेवायचा खाचा, जाडजूड गादी हे सगळं तीन तासांच्या सिनेमासाठी ठीक आहे. दहा-वीस मिनिटांच्या फिल्मला त्याची गरज नाही. तो पैसा खुर्चीच्या हातांवर आणि दोन रांगांमधल्या अंतरावर घाला.

खुर्ची नेमकी कशी हवी

उंचीपासून सुरुवात करा. कुणीतरी बसल्यावर, म्हणजे फोम दबल्यानंतर, बैठकीची पुढची कड जमिनीपासून ४५ सेंमीच्या आसपास राहिली पाहिजे. कॅटलॉगमधली उंची रिकाम्या खुर्चीची असते. आमच्या पहिल्या नमुन्याची कागदावर ४५ होती आणि माणूस बसल्यावर ती ४० भरली. गुडघे नितंबांपेक्षा वर गेले की उठणं अवघड होतं, हे गुडघेदुखी असलेल्या कुणालाही विचारा. सगळ्या खुर्च्या एकाच उंचीच्या हव्यात असंही नाही. कडेच्या काही ४८ सेंमीच्या ठेवा. व्हीलचेअरवरून सरकून येणाऱ्यालाही ती उंची सोयीची पडते, कारण व्हीलचेअरची बैठक साधारण तेवढीच असते.

बैठकीची खोली ४३ ते ४५ सेंमी पुरे. जास्त खोल बैठकीत बुटक्या माणसाची पाठ खुर्चीच्या पाठीला टेकत नाही आणि टेकवली तर पुढची कड पोटऱ्यांमध्ये रुतते. मागचा उतार थोडाच हवा. खूप मागे कललेली खुर्ची बसताना आरामाची वाटते, पण उठताना माणसाला आधी त्या खड्ड्यातून वर यावं लागतं.

आता खुर्चीचे हात. हात कोपर टेकायला असतात असं आपण धरून चालतो. म्हाताऱ्या माणसाला ते उठायला लागतात. त्यासाठी हात बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आलेले हवेत आणि टोकाशी मुठीत धरता यावेत असे गोलसर हवेत. अर्ध्यातच संपणारा हात उठताना मागे राहतो आणि रेटा मिळत नाही. हात बैठकीपासून १८ ते २५ सेंमी उंच असावा. नमुन्याच्या खुर्चीत हाताच्या टोकावर सगळा भार टाकून बघा. किंचितही डुगडुगला, तर दोन वर्षांनी तो सुटून हातात येईल.

टाचांची जागा कुणीच बघत नाही. उठण्याआधी आपण नकळत पाय मागे घेतो, टाचा गुडघ्यांच्या मागे नेतो आणि मग पुढे झुकतो. खुर्चीच्या बैठकीखाली पेटीसारखा पाया असेल किंवा हवेचा झोत सोडणारी नळी असेल, तर पाय मागे जात नाहीत. करून बघा: पाय समोर ठेवून उठायचा प्रयत्न करा आणि मग मागे घेऊन. आमच्या यादीतल्या दोन देखण्या खुर्च्या मी याच एका कारणासाठी बाद करवल्या. त्यावर वाद झाला. शेवटी मी अध्यक्षांना पाय पुढे ठेवून उठायला सांगितलं, तेव्हा विषय मिटला.

उठल्यावर आपोआप वर जाणारी बैठक रांगेतली वाट मोकळी करते, म्हणून बहुतेक ठिकाणी तीच घेतात आणि ते बरोबरही आहे. पण तिचे दोन त्रास आहेत. हात मागे नेऊन चाचपत बसणाऱ्याला बैठक तिथे सापडतच नाही, एका हाताने ती दाबून धरावी लागते. दुसऱ्या हातात काठी असेल तर काय करायचं? आणि स्प्रिंग ताठ असेल तर लहान मूल बैठकीसकट वर जाऊन मध्ये अडकतं. हे मी दर आठवड्याला बघितलंय, पोर घाबरून रडतं. उपाय असा, की वाटेकडच्या काही खुर्च्या स्थिर बैठकीच्या घ्या आणि बाकीच्यांची स्प्रिंग शक्य तेवढी हलकी निवडा. मुलांसाठी सर्वांत पुढे ३५ सेंमी उंचीचा, पाठ असलेला एक बाक ठेवला तर त्यांचे पाय जमिनीला टेकतात. पाय लोंबकळले की मुलं चुळबुळतात आणि पुढच्या खुर्चीला लाथा बसतात.

रुंदीचं थोडक्यात सांगते. ५५ सेंमीच्या खुर्चीत बहुतेक लोक मावतात, सगळे नाही. मधला हात वर उचलता येईल अशा दोन-तीन जोड्या वेगवेगळ्या रांगांत ठेवा. त्यात स्थूल माणूस ऐसपैस बसतो, किंवा आई आणि मूल, किंवा ज्याला शेजारच्याचा हात धरून बसायचंय असा कुणी. त्यांच्यावर कसलीही पाटी लावू नका.

व्हीलचेअरची जागा म्हणजे उरलेला कोपरा नव्हे

आमच्या जुन्या थिएटरमध्ये व्हीलचेअरसाठी दोन जागा होत्या. दोन्ही पहिल्या रांगेच्या डाव्या कोपऱ्यात, पडद्याच्या इतक्या जवळ की मान वर आणि उजवीकडे वळवून बघावं लागे. सोबतच्या माणसाला मागच्या रांगेत बसावं लागे. एकदा एक जोडपं आलं. ते व्हीलचेअरवर, त्या मागे. अंधारात त्यांनी मागे हात केला आणि बाईंनी पुढे वाकून तो धरला. १४ मिनिटं दोघं तसेच अवघडून बसले होते. दिवे लागल्यावर त्यांनी मला थँक्यू म्हटलं. त्या दिवशीचं पान मी समितीत वाचून दाखवलं.

किती जागा आणि केवढ्या, हे आधी तुमच्याकडच्या नियमांत बघा. अंदाजासाठी अमेरिकेच्या अपंग-हक्क कायद्याची, म्हणजे एडीएची, २०१० ची मानकं उपयोगी पडतात. ५१ ते १५० आसनांच्या सभागृहाला त्यात किमान ४ व्हीलचेअर-जागा सांगितल्या आहेत. एकट्या जागेची रुंदी ३६ इंच, म्हणजे ९१.५ सेंमी. दोन जागा शेजारी असतील तर प्रत्येकी ३३ इंच. पुढून किंवा मागून आत शिरायचं असेल तर खोली ४८ इंच आणि बाजूने शिरायचं असेल तर ६० इंच. हे किमान माप आहे. मोटरवर चालणारी मोठी व्हीलचेअर वळवून बघितल्याशिवाय ते पुरतं असं समजू नका. प्रत्येक जागेशेजारी सोबत्याची खुर्ची हवी आणि दोघांचे खांदे एका रेषेत यायला हवेत. आराखड्यावर व्हीलचेअरचा चौकोन आणि खुर्ची शेजारी दिसतात, प्रत्यक्षात मात्र एक जण दुसऱ्याच्या अर्धा हात मागे बसतो. जमिनीवर खडूने आखून, खरी व्हीलचेअर आणि खरी खुर्ची ठेवून बघा.

जागा विखुरलेल्या हव्यात. आम्ही ९६ च्या ८८ खुर्च्या केल्या. व्हीलचेअरच्या दोन जागा मधल्या आडव्या वाटेला ठेवल्या आणि दोन मागच्या दाराजवळ. आठ खुर्च्या कमी झाल्याचं काहींना वाईट वाटलं. मला विचाराल तर ९६ च्या ९६ भरल्याचं मी फार थोड्या वेळा पाहिलंय, आणि व्हीलचेअरवरच्या माणसाला "पुढच्या खेळाला या" म्हणताना माझी जीभ जड झाली आहे ती कितीतरी वेळा.

काढता येणाऱ्या खुर्च्या हा मधला मार्ग पुरवठादार आवर्जून सुचवतात: व्हीलचेअर आली की खुर्ची काढायची, नाही आली की लावायची. कल्पना चांगली आहे, पण विचारा, की काढणार कोण आणि कशाने? मी दुसऱ्या एका ठिकाणी पाहुणी म्हणून गेले होते. तिथे खुर्ची जमिनीतल्या बोल्टने धरलेली, बोल्टची किल्ली एकाच माणसाकडे आणि तो जेवायला गेलेला. व्हीलचेअरवरची मुलगी दाराशी थांबली आणि तिच्या वर्गाने आत जाऊन फिल्म बघितली. म्हणून माझा आग्रह असतो, की निम्म्या जागा कायमच्या मोकळ्या राहू द्या. काढायची खुर्ची एकट्या माणसाला हत्याराशिवाय एका मिनिटात काढता आली पाहिजे आणि काढलेली ठेवायला थिएटरच्या आतच जागा पाहिजे.

काही जणांना व्हीलचेअरवरून उतरून साध्या खुर्चीत बसायला आवडतं. त्यांच्यासाठी वाटेकडच्या खुर्चीचा बाहेरचा हात वर उचलला जाणारा किंवा दुमडणारा हवा. एडीएमध्ये वाटेकडच्या खुर्च्यांपैकी ५ टक्के अशा असाव्यात असं म्हटलंय. आम्ही त्याहून बऱ्याच जास्त घेतल्या, कारण त्याच खुर्च्या वॉकरवाल्यांना, पायाला प्लास्टर असलेल्यांना आणि गरोदर बायकांनाही लागतात. रिकामी व्हीलचेअर, वॉकर, बाबागाडी कुठे ठेवायची तेही आराखड्यातच ठरवा. नाहीतर सगळं बाहेर पडायच्या वाटेत उभं राहतं. मार्गदर्शक कुत्र्यासाठी एखाद्या कडेच्या खुर्चीसमोर जास्त जागा सोडा, म्हणजे त्याची शेपटी वाटेत येत नाही.

रांगा, वाटा, पायऱ्या

खुर्चीच्या पुढच्या टोकापासून पुढच्या खुर्चीच्या पाठीपर्यंत मोकळी वाट किमान ३० सेंमी असावी, असं बरेच नियम सांगतात. ३० सेंमीत सडपातळ माणूस आडवा होऊन जातो. पाठीवर बॅग असलेला जात नाही आणि संग्रहालयात जवळजवळ प्रत्येकाकडे बॅग असते. ४५ सेंमी मिळवता आली तर मिळवा, एक रांग कमी झाली तरी चालेल. पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी आणि पायाशी मंद दिवा हवाच. फिल्म सलग फिरत राहणारी असेल आणि लोक अंधारातच येत-जात असतील, तर रांगेचा अंक खुर्चीच्या कडेवर बोटांना कळेल असा उठावाचा करा.

सरकवून आत जाणाऱ्या, घडीच्या मंचावरच्या खुर्च्या सभागृह दुसऱ्या कामाला मोकळं करतात. पण त्यांच्या पायऱ्या पोकळ वाजतात आणि खुर्च्या बहुधा अरुंद असतात. रोज उघडमीट होणार नसेल तर मी त्या घेणार नाही.

दिसणं आणि ऐकणं खुर्चीवरही ठरतं

पडद्याचा मध्य सगळ्यांना दिसतो. बघायचं ते पडद्याच्या तळाला, उपशीर्षकांच्या ओळीला. ऐकू न येणाऱ्या माणसाची सगळी फिल्म त्या दोन ओळींत असते आणि पुढच्याचं डोकं नेमकं तिथेच येतं. मागच्याच्या डोळ्यांपासून त्या ओळीपर्यंतची रेषा पुढच्याच्या डोळ्यांच्या १२ सेंमी वरून गेली तर ती डोक्यावरून निघून जाते. पायऱ्या तेवढ्या चढत्या करता येत नसतील, तर खुर्च्या एकाआड एक सरकवून बसवा, मग ६ सेंमीतही दोन डोक्यांमधून दिसतं. व्हीलचेअरवरचा माणूस शेजारच्यापेक्षा उंच बसलेला असू शकतो, तेव्हा त्याच्यामागे कुणाची खुर्ची येते तेही बघा.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी जमिनीत तारेचा लूप, म्हणजे फिल्मचा आवाज थेट श्रवणयंत्रात पोचवणारं तारेचं वेटोळं, घालायचा असेल तर तो खुर्च्यांच्या आधी. खुर्च्या ठोकून झाल्यावर आठवण आली की भिंतीकडेने कशीबशी तार फिरवली जाते आणि मधल्या रांगांत आवाज क्षीण येतो. जमिनीतल्या सळ्या आणि लोखंडी सांगाडेही लूपची ताकद खातात. म्हणून मोजणी खुर्च्या बसवल्यावर पुन्हा करून घ्या, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.२ मीटरवर. आयईसी ६०११८-४ हे त्यासाठीचं मानक आहे.

गादीच्या खुर्च्यांचा आणखी एक फायदा म्हणजे थिएटर रिकामं असो की भरलेलं, आवाज फारसा बदलत नाही. लाकडी खुर्च्यांच्या अर्ध्या रिकाम्या थिएटरमध्ये शब्द घुमतात, आणि ऐकायला कमी येणाऱ्याला सर्वांत जास्त त्रास घुमण्याचाच होतो.

कापड

रेक्झिन पुसायला सोपं, पण घामेजलेली पाठ त्याला चिकटते. विणलेलं कापड बरं, मार्टिनडेल घर्षण-चाचणीत निदान ४०,००० फेऱ्या टिकलेलं. कव्हर चेनने निघणारं घ्या आणि काही जादा शिवून ठेवा, नंतर तोच रंग मिळत नाही. आग लवकर न धरण्याचा दाखला मागा. रंग जमिनीपेक्षा स्पष्टपणे वेगळा हवा, म्हणजे कमी दिसणाऱ्यालाही खुर्ची कुठे सुरू होते ते कळेल. आमच्या जुन्या खुर्च्या काळपट होत्या, गालिचाही काळपट, आणि बॅटरीचा झोत मी दिवसभर त्या दोन काळ्यांमधली सीमा दाखवायला वापरत होते. बारीक रेघांची, डोळ्यांपुढे थरथरणारी नक्षी टाळा.

नमुना मागवा आणि खरी माणसं बोलवा

एक खुर्ची मागवून भागत नाही. दोन रांगा होतील एवढ्या, किमान सहा खुर्च्या मागवा आणि त्या ठरलेल्या अंतरावर जमिनीला पक्क्या करा. मग बोलवा: व्हीलचेअर वापरणारे दोघं, शक्यतो वेगवेगळ्या प्रकारची व्हीलचेअर असलेले. काठीवाले आजोबा. न दिसणारं कुणी. श्रवणयंत्रवालं कुणी. सहा वर्षांचं मूल आणि त्याचे पालक. खूप उंच माणूस, खूप बुटका माणूस. त्यांच्या वेळेचा मोबदला द्या, ते तुमचं काम करताहेत. अंधार करा, फिल्म पूर्ण चालवा, आणि दिवे लागल्यावर कुणालाही मदत न करता फक्त बघा, अर्थात कुणी पडणार नाही इतपत जवळ उभं राहून. हात कुठे जातात, पाय कुठे अडतात, कोण शेवटी उठतं, ते लिहा. "कशी वाटली खुर्ची" हे त्यानंतर विचारा. लोक भिडेपोटी चांगलंच म्हणतात, त्यांचे गुडघे भीड ठेवत नाहीत.

आमच्या चाचणीत न दिसणाऱ्या एका गृहस्थांनी खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला आणि वरची कड धरायला गोल असावी असं सुचवलं. रांगेतून जाताना ते प्रत्येक पाठ मोजत जातात, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. कड बदलून घेतली.

खुर्च्या बसल्या की काम संपत नाही. पहिल्या महिन्यानंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा. आणि उद्घाटनाआधी तुम्ही स्वतः प्रत्येक व्हीलचेअर-जागेवर व्हीलचेअरमध्ये बसून पूर्ण फिल्म बघा. मी मधल्या वाटेच्या जागेवर बसले, तेव्हा पुढच्या कठड्याचा वरचा दांडा बरोबर डोळ्यांसमोर आला. उभ्याने तो कुणाला खटकला नव्हता, आराखड्यातही दिसला नव्हता. त्याच्याआड उपशीर्षकांची खालची ओळ पूर्ण जात होती. नियमात बसेल तेवढा दांडा खाली घेतला, जाड नळीऐवजी बारीक घातली, आणि मी पुन्हा जाऊन बसले. दोन्ही ओळी वाचता येत होत्या.